इतिहासाच्या तासाला चित्रपट
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस महाशयांनी या वर्षीच्या व्याख्यानासाठी आम्हांस पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही मॅट्रिक होऊन पुढे शिक्षकाची सनद घेतलेला एक साधा शाळामास्तर. छत्तीस वर्षे खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. तेव्हा विद्वत्तेचे काही आमच्या मुखातून निघेल अशी अपेक्षा आपण बाळगणार नाही, असा आम्हांस भरवसा आहे. परंतु गतवर्षीच्या वार्षिक सभेत एक प्रसंग घडला आणि त्यानेच हा विषय आमच्यापुढे आणून ठेवला. एका ऐतिहासिक चित्रपटात आपल्या ज्ञातीतील एका पूर्वजास हिणकस रीतीने दाखविले आहे, सबब त्या चित्रपटाचा निषेध करावा, असा ठराव त्या सभेत मांडण्यात आला. चर्चा दीड तास चालली. आवाज चढले. तरुण मंडळी आवेशाने बोलली, वडीलधारी मंडळी त्यांहून आवेशाने बोलली, आणि ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. त्या दीड तासात एकाही वक्त्याच्या हाती कागदाचा एक चिटोराही नव्हता. पडद्यावरचा पूर्वज खोटा, हे सर्वांस ठाऊक होते. खरा पूर्वज कसा होता, हे मात्र कोणी सांगितले नाही.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, रचलेल्या कथेच्या चित्रपटावरून इतिहास शिकता येतो काय, आणि येत असेल तर तो मुलांना शिकवावा कसा?

चित्रपट मुलांस दाखवूच नयेत, असे म्हणणारे काही गृहस्थ आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचा सल्ला नदीस उलटे वाहावयास सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्रात पडद्यावरचा इतिहास आजचा नव्हे. बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला, तो हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवरून. त्यात शेलारमामांचे काम शांताराम वणकुद्रे या तरुणाने केले होते. तेच पुढे व्ही. शांताराम म्हणून प्रसिद्धीस आले, आणि १९३३ साली त्यांनी 'प्रभात'तर्फे त्याच विषयावर बोलपट काढला. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ चा आणि 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ चा. हे बोलपट आमच्या बालपणी जत्रेतल्या तंबूत येत. तेथे जमिनीवर बसून जो शिवाजी आम्ही पाहिला, तो पुढे कितीही पुस्तके वाचली तरी डोळ्यांपुढून हलला नाही. आपल्यापैकी साठीच्या पुढील मंडळींनी मनास विचारून पाहावे. आमच्या पिढीस जो तंबूत भेटला, तो आजच्या मुलास तळहातावरच्या फोनमध्ये भेटतो, एवढाच फरक. म्हणजे इतिहासाचा पहिला गुरू चित्रपट असतो. शाळामास्तर हा नंतर येणारा दुसरा गुरू. पहिल्याची निंदा करून दुसऱ्याचे काम भागत नाही.

आता उदाहरण घेऊ. तानाजी मालुसऱ्यांचेच घेऊ, कारण ते घरोघर ठाऊक आहे.

सिंहगडाची झुंज झाली ती ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. तिच्याविषयीचा एक जुना मराठी वृत्तांत कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत आहे. ही बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीस लिहिली गेली. म्हणजे घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, आणि ज्याने शिवशाही डोळ्यांनी पाहिली होती अशा माणसाच्या हातून. सभासदाच्या वृत्तांतात घोरपड नाही. मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, असे तो सांगतो. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. पोवाडा हे बखरीहून निराळे साधन आहे. तो गावोगाव उभ्याने गाइला जातो, आणि श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे करणे हे त्याचे कर्तव्यच असते. महाराजांच्या तोंडचे म्हणून आपण जे सिंहाचे वाक्य पाठ म्हणतो, तेही सभासदाने तसे दिलेले नाही. त्याच्या बखरीतले महाराज सिंहाऐवजी दुसऱ्या एका गडाचीच उपमा देतात. इतकेच नव्हे, तर तानाजींच्या मृत्यूमुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, ही जी समजूत आहे, तिच्याही आड एक अडचण येते. ते नाव १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही आढळते.

हे सांगितल्यावर शाळेतली मुले हिरमुसत असत. एका मुलाने तर उभे राहून विचारले होते, "गुरुजी, मग तानाजी खोटा काय?" आम्ही त्यास म्हणालो, "बाळ, काळ्या रात्री दोर लावून तो कडा चढणारा माणूस खरा आहे, तो तेथे मेला हे खरे आहे, त्याच्या मागून सूर्याजीने गड घेतला हे खरे आहे. यातून घोरपड वजा केली तर काय उणे होते ते तूच सांग." मुलगा थोडा विचार करून म्हणाला, "उलट चढणे जास्तच अवघड होते." त्या मुलास इतिहास कळला, असे आम्ही समजतो.

२०२० साली 'तान्हाजी' हा मोठा हिंदी चित्रपट आला. तोवर आम्ही सेवानिवृत्त झालो होतो. पण आपल्या संस्थेच्या सुट्टीतील वर्गातील मुलांबरोबर आम्ही तो पाहिला. त्यात उदयभानापाशी 'नागिन' नावाची एक प्रचंड तोफ दाखविली आहे आणि तिचा रोख राजगडावर आहे. मुलांस ती फारच आवडली. आम्ही तोफ खोटी असे एका शब्दानेही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी नकाशा आणि मोजपट्टी घेऊन बसविले. सिंहगड ते राजगड हे अंतर सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटर भरते. मग सतराव्या शतकातील तोफेचा पल्ला किती, हे मुलांनीच शोधून काढले आणि आपापसांत हसू लागली. चित्रपटाने त्यांस गोष्ट दिली, पण त्या गोष्टीच्या निमित्ताने भूगोल, गणित आणि इतिहास असे तीन विषय एका सकाळी झाले. नुसता धडा वाचून मोजपट्टी कोणी हाती घेतली असती, असे आम्हांस वाटत नाही.

ही मोजपट्टी हाती नसली म्हणजे काय होते, त्याचे उदाहरण ताजे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. बऱ्हाणपूरच्या मोगली संपत्तीचा त्यात निर्देश होता. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेशात असीरगडाच्या आसपासच्या शेतांतून लोक रात्री दिवट्या नि बॅटऱ्या घेऊन सोन्याच्या मोहरा शोधण्यासाठी खणू लागले, आणि ते चित्र वर्तमानपत्रांतून सर्व देशाने पाहिले. हसू येते खरे. पण ज्यांनी खणले त्यांची चूक एवढीच की त्यांनी पडदा आणि दप्तर यांत भेद केला नाही. ती चूक सुशिक्षितही करतात, फक्त ते कुदळ हाती घेत नाहीत.

उलट बाजूचेही एक उदाहरण पाहा. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ चा. विष्णुपंत पागनिसांना पाहून लोक हात जोडत. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग स्वतः रचला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की पुष्कळ भाविक तो तुकोबांचाच समजू लागले, आणि गाथेत शोधूनही तो सापडेना. आठवले यांनी कोणास फसविले नव्हते. त्यांनी आपले काम फार चांगले केले होते. कला जितकी उत्तम, तितकी ती सत्याची जागा बेमालूमपणे घेते. वाईट चित्रपट मुले विसरतात. त्यामुळे शिक्षकाने सावध राहावयाचे ते चांगल्या चित्रपटाच्या बाबतीत.

मग चित्रपटाने इतिहासाचे भले होतच नाही काय? होते, आणि फार मोठे होते. पाठ्यपुस्तकात 'दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला' एवढी एक ओळ असते. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर सोडून देतात. परेश मोकाशी यांचा २००९ सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखविला म्हणजे त्या एका ओळीतून घर उभे राहते. भांडवल मिळविण्यासाठी वाटाण्याच्या वेलाची वाढ दिवसांमागून दिवस टिपणारा माणूस, तारामतीच्या कामास एकही स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहातील साळुंके या तरुणास लुगडे नेसविण्याची वेळ, आणि या सर्वांत पदर खोचून उभ्या राहिलेल्या सरस्वतीबाई. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, मंडळींचा स्वयंपाक करणे, दागिने गहाण पडू देणे, हे सारे त्या माउलीने केले. तिचे नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हते. भगिनींनो, चित्रपटाने पुस्तकाची ही उणीव भरून काढली, हे मान्य केलेच पाहिजे.

तसाच 'आनंदी गोपाळ' हा २०१९ चा. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियास वैद्यकीची पदवी. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास देहान्त. या तारखा आम्ही वर्गात अनेक वर्षे सांगितल्या. आमच्या नातीने तो चित्रपट पाहिला आणि घरी येऊन विचारले, "आजोबा, ती दवाखाना केव्हा उघडते?" उत्तर देणे कठीण गेले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिच्या हाती श्री. ज. जोशी यांची कादंबरी दिली, नंतर काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र दिले, आणि सांगितले की गोपाळराव या तिन्ही ठिकाणी सारखेच दिसतात का ते पाहा. ती अजून त्या कामी गुंतली आहे, आणि मधूनमधून आमच्याशी भांडते. चांगले आहे.

चित्रपटाचा एक दोष मात्र सहज ध्यानात येत नाही, तो म्हणजे मौन. जे पडद्यावर चुकीचे दिसते ते कोणी ना कोणी दाखवून देतो. जे दिसतच नाही त्याचे काय? ॲटनबरो यांचा 'गांधी' हा १९८२ सालचा चित्रपट जगभर गाजला, त्यास आठ ऑस्कर मिळाले. महात्माजींच्या अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी लाखो माणसे जमविली होती. पण त्या सबंध चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाहीत. १९३२ चा पुणे करार झाला तो आपल्या दारातल्या येरवड्याच्या तुरुंगात. पण हा चित्रपट पाहून इतिहास शिकणाऱ्या परदेशी मुलास त्याची वार्ताही लागावयाची नाही. पुढे २००० साली डॉ. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरील चित्रपट आला. आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही एकामागून एक दाखवावेत. एकाच काळाचे दोन चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे कोणी कोठे उभे राहून पाहिले, हे मुलांस शिक्षकाने न सांगताही कळते.

आमच्या वर्गात आम्ही काय करीत होतो ते थोडक्यात सांगतो. शाळेत दूरचित्रवाणी संच आणि कॅसेटचे यंत्र आले तेव्हा आम्ही १९४४ चा 'रामशास्त्री' दाखवीत असू. चित्रपट सलग कधी दाखविला नाही. मध्येच थांबवून विचारावयाचे, "बंद दालनात दोघेच बोलत आहेत. तेथे तिसरा कोण होता? मग हे बोलणे लिहून कोणी ठेवले?" हा एक प्रश्न मुलांच्या मनात बसला की अर्धे काम झाले. मग वहीत तीन रकाने आखावयाचे: कागदात आहे ते, लोकांच्या तोंडी आहे ते, आणि लेखकाने रचले ते. तिसरा रकाना सर्वांत लांब होतो, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लेखकाने रचलेच नाही तर पात्रे बोलतील कशी? एकदा एका शेतकऱ्याच्या मुलाने शिवकालीन चित्रपटातील माळरानावर गाजरगवत दाखवून दिले. ते गवत १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे प्रथम नोंदले गेले. अभ्यासात तो मुलगा मागे असे. त्या दिवशी तोच वर्गाचा इतिहासकार ठरला.

'रामशास्त्री'वरून आनंदीबाई पेशवे यांची आठवण झाली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. हे खरे. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांस दोषी ठरविले हेही खरे. परंतु 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला, याला आधार म्हणून दाखविता येईल असा तो मूळ कागद आजवर कोणापुढे आलेला नाही. नाटकांनी, कादंबऱ्यांनी, बोलपटांनी त्या बाईस अडीचशे वर्षे उभे जाळले. ललिता पवारांनी ते काम इतके प्रभावी केले की आमच्या आजीने पडद्याकडे पाहून बोटे मोडली होती. आता पाहा, तिच्या वतीने एखाद्या ज्ञातिसंस्थेने निषेधाचा ठराव केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपला राग फक्त आपल्या आडनावापुरता असतो, असा याचा अर्थ होतो काय, याचा विचार सभासदांनी करावा.

'छावा'च्या वेळीही हेच दिसले. शिर्के घराण्यातील मंडळींनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणास हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. महाराजांच्या लेझीम खेळण्याचे दृश्य तर प्रदर्शनापूर्वीच काढून टाकण्यात आले. घराण्यांना दुःख होते हे आम्ही नाकारीत नाही, ते होणारच. पण संभाजी महाराजांच्या बाबतीत न्याय कसा मिळाला हे पाहण्याजोगे आहे. जुन्या बखरींनी आणि त्यांवरून रचलेल्या नाटकांनी त्यांस व्यसनी, उच्छृंखल ठरवून टाकले होते. वा. सी. बेंद्रे या गृहस्थांनी दशकेच्या दशके देशी-विदेशी कागद चाळले आणि १९६० साली महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहिले. मग १९७९ साली शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी आली, आणि तिच्यावरून २०२५ चा चित्रपट. चित्रपट पाहून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांतील किती जणांनी बेंद्रे हे नाव ऐकले असेल? नाटकांचे खंडन ठरावाने झाले नाही. एका माणसाने दप्तरे उघडली, म्हणून झाले.

आणि येथेच आम्ही आपल्या घरच्या गोष्टीवर येतो. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घरांच्या माळ्यांवरून मोडी कागद गोळा करीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे ज्या घरांपर्यंत पोचले नाहीत अशी घरे आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. आम्ही स्वतः गेल्या दोन वर्षांत सात घरे पाहिली. दोन ठिकाणी रुमालात बांधलेले कागद होते, एका ठिकाणी वाळवीने अर्धे खाल्लेले. एका घरी गृहिणीने सांगितले की, सासूबाईंनी जुने कागद बंबात घातले, कारण ते कोणास वाचता येत नव्हते. ज्या पूर्वजाच्या नावाने आपण दीड तास संतापलो, त्याच्या हातची एखादी सनद, एखादा वाटणीचा महजर त्या बंबात गेला नसेल कशावरून?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. त्या चिटणीसांकडे लेखी दिल्या आहेत. एक, दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी वसतिगृहाच्या सभागृहात तीन चित्रपट दाखवावेत: 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'आनंदी गोपाळ', आणि गतवर्षी ज्याचा निषेध केला तोही. तिसऱ्याच्या नावास काही सभासद हरकत घेतील. त्यांनी मुलांबरोबर येऊन पहिल्या रांगेत बसावे आणि थांबवाथांबवीच्या वेळी आपले आक्षेप कागद दाखवून सांगावेत. सभासदाची बखर आणि पोवाड्यांचा एक संग्रह ग्रंथालयाने त्यापूर्वी विकत घ्यावा. खर्च फार नाही. दोन, ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी ते कोणास देऊ नयेत, विकू नयेत, फक्त त्यांची यादी करून संस्थेस कळवावे. मोडी वाचणारे दोन गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. ते घरी येऊन वाचतील, छायाचित्रे घेतील आणि कागद जागच्या जागी ठेवून जातील. मोबदला म्हणून त्यांनी एक वेळचे जेवण एवढेच मागितले आहे.

यादीचे छापील नमुने बाहेर टेबलावर ठेवले आहेत. जाताना एकेक घेऊन जावा.